समाधानाचा पगार कोण देतं?

या दिवाळीत माझी भाची दोन नेमणुकीची पत्रं घेऊन घरी आली. समाजकार्याची पदव्युत्तर परीक्षा ती चांगल्या गुणांनी पास झाली आहे. एक पत्र स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं होतं. तिथे समुपदेशकाचं काम, महिना १८ हजार रुपये आणि ११ महिन्यांचा करार. दुसरं एका मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचं. तिथे पगार ५५ हजार, शिवाय प्रॉव्हिडंट फंड, विमा, सगळं. चहाचा कप बाजूला ठेवून ती म्हणाली, "मावशी, तू बँक सोडलीस ना? मग तूच सांग. मनासारखं काम घेऊ की पगार?"

मी उत्तर द्यायच्या आत तिचे वडीलच बोलले. "अगं, संस्थेचं घे. तुला समाधान मिळेल. संध्याकाळी वेळेवर घरी येशील. उद्या लग्न झाल्यावर तुझ्या पगारावर काही घर चालायचं नाही." बोलण्यात मायाच होती. पण हिचाच भाऊ चार वर्षांपूर्वी नोकरी शोधत होता तेव्हा याच घरात समाधान हा शब्द एकदाही कोणी उच्चारला नव्हता. त्याला चित्रं काढायला आवडायची. तो आज एका कंपनीत हिशेब तपासतो.

म्हणजे आपल्याकडे मुलग्याला पगार निवडावाच लागतो आणि मुलीला समाधान निवडायची मुभा असते. ही मुभा दिसते गोड. पण तुझी कमाई म्हणजे वरखर्चाची, खरा पोशिंदा दुसराच कोणीतरी असणार, हे तिच्यात धरलेलंच असतं. म्हणून भाचीला उत्तर देण्याआधी मला माझाच हिशेब पुन्हा मांडावा लागला.

मी १९८४ मध्ये बँकेत कारकून म्हणून लागले. आमच्या घराण्यात नोकरी करणारी मी पहिली बाई. त्याच सुमारास संध्याकाळी एका महिला संस्थेच्या सल्ला केंद्रात जाऊ लागले. नवऱ्याने टाकलेल्या, मारझोड सोसून आलेल्या बायका तिथे यायच्या. त्या काळी पोटगीसाठी फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली जास्तीत जास्त ५०० रुपये मिळत. ही मर्यादा २००१ मध्ये निघाली. त्या ५०० रुपयांसाठी बायका दोन दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. त्यांच्याबरोबर कोर्टात जाणं, अर्ज लिहिणं, पोलीस चौकीत ठाण मांडून बसणं, यात मला जो जीव सापडला तो काउंटरवर कधी सापडला नाही. १९९३ मध्ये मी राजीनामा दिला आणि संस्थेची पूर्णवेळ कार्यकर्ती झाले. बँकेत हातात तीन हजारांच्या आसपास पडायचे. संस्थेचं मानधन ९०० रुपये होतं.

माझं कौतुक झालं. सत्कारात कोणीतरी त्याग हा शब्द वापरला आणि मला तो आवडलाही. त्यामागची एक साधी गोष्ट मी कित्येक वर्षं कोणाला सांगितली नाही, स्वतःलाही नाही. माझ्या नवऱ्याचा इंजिनियरचा पगार दर महिन्याच्या १ तारखेला घरात येत होता. माझं समाधान त्या पगारावर उभं होतं. बँकेतून मिळालेले प्रॉव्हिडंट फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यात गेले आणि फ्लॅट झाला नवऱ्याच्या नावावर. दुसऱ्या बायकांना "घरावर आपलं नाव लावून घ्या" असं सांगणारी मीच ती! १९९५ मध्ये बँकांत पेन्शन लागू झालं. माझ्या शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण आज पेन्शन घेते. मी मात्र औषधांची यादी नवऱ्याच्या हातात देते.

मला कामाचा पश्चात्ताप नाही, हे इथे स्पष्टच लिहिते. पुन्हा संधी मिळाली तरी मी तेच काम करीन. पश्चात्ताप आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

१९९७ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या केंद्रात मदत मागायला आलेली एक बाई पुढे आमचीच कार्यकर्ती झाली. नवऱ्याने टाकलेली, पदरी दोन मुलं. वस्तीत तिच्याइतकं काम आमच्यापैकी कोणीच करत नसे. रात्री बारा वाजता कोणी दार ठोठावलं तर उठून जाणारी तीच. एकदा कार्यकारिणीच्या बैठकीत तिने मानधनात ३०० रुपये वाढ मागितली. मुलाची शाळेची फी थकली होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. निधी नव्हता, हे खरंच होतं. पण मी तेवढंच म्हणाले नाही. मी म्हणाले, "आपण इथे पैशांसाठी आलोय का?"

ती काही बोलली नाही. दोन महिन्यांनी तिने काम सोडलं आणि एका कारखान्यात पॅकिंगला लागली. पुढे कित्येक वर्षांनी एसटी स्टँडवर भेटली. मी विचारलं, "अजून राग आहे का?" ती हसली. "राग कसला ताई? काम फार आवडायचं हो. पण तुमच्या घरी दुसरा पगार येत होता. माझ्या घरी मीच होते."

आमच्या स्त्रीमुक्तीच्या शिबिरांत जे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं ते तिने स्टँडवर एका वाक्यात सांगितलं. कमी पैशांत आवडीचं काम करणं हे ज्यांच्या पाठीशी घर आहे, नवऱ्याचा किंवा बापाचा पगार आहे, त्यांनाच परवडतं. मग संस्थांच्या पदांवर कोण उरतं? आमच्यासारख्या. आणि ज्यांनी सगळं सोसलं आहे, ज्यांना ते काम सर्वांत चांगलं कळतं, त्या पॅकिंगला जातात. मानधन कमी ठेवून आम्ही चळवळ साधी ठेवत नव्हतो, ती एका थरापुरती ठेवत होतो.

त्यागाची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अण्णा कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, त्यासाठी आपली कमाई ओतली. त्यांच्याविषयी आदर आहेच. पण त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ही वाचायला हवं. समाजासाठी पै न् पै देणाऱ्या माणसाचा संसार त्याच्या घरातल्या बाईला कसा ओढावा लागतो ते त्यातून कळतं. त्यागाच्या मागे नेहमी कोणीतरी घर चालवत असतं. त्याचं नाव पाटीवर येत नाही, इतकंच.

सरकारलाही ही युक्ती चांगली जमली आहे. अंगणवाडी योजना १९७५ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडी सेविकेला ‘मानसेवी’ म्हणतात आणि तिला पगार नव्हे, मानधन देतात. केंद्राचा वाटा २०१८ मध्ये ३,००० वरून ४,५०० रुपये झाला, त्यात राज्य आपली भर घालतं. महाराष्ट्रातल्या सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये संप पुकारला, तो दीड महिन्याहून अधिक चालला. ‘आशा’ तर नावातच स्वयंसेविका. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, पण गौरवपत्रावर किराणा मिळत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. ‘सेवा’ या शब्दाखाली दडवलेलं काम हे कामच आहे, हे म्हणायला ४७ वर्षं लागली. मूल सांभाळणं, आजाऱ्याला बघणं, रडणाऱ्या बाईचं ऐकून घेणं ही कामं बायका घरात फुकट करतात. त्यामुळे घराबाहेरही ती स्वस्तात मिळावीत असं सगळ्यांना वाटतं. आपल्या संस्थांनाही तसंच वाटत असेल तर सरकारकडे बोट दाखवायचा आपल्याला काय अधिकार?

आता दुसरी बाजू. मोठा पगार घे, असं भाचीला बेधडक सांगावं का? तिथेही मेख आहे. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा अभ्यास करून दाखवलं आहे की काही नोकऱ्यांत सगळ्यात जास्त पैसे मिळतात ते हाक मारली की हजर राहण्याचे. रात्री, सुटीच्या दिवशी, केव्हाही. जोडप्यातल्या एकाने अशी नोकरी धरली की दुसऱ्याला घरासाठी मोकळं राहावं लागतं, आणि हे दुसरं माणूस बहुधा बाई असते. आपल्याकडे तर विचारायलाच नको. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटं. ज्या नोकरीला घरी एक बायको लागते ती नोकरी बाईने कशी करायची? मग पाच-सात वर्षांत ती बढती नाकारते. माझ्या बँकेतल्या किती तरी जणींनी बदली नको म्हणून ऑफिसर होणं नाकारलं. आणि सगळे म्हणतात, बायकांना महत्त्वाकांक्षाच नसते!

तेव्हा समाधान की पगार, हा प्रश्न एकटीने घरी बसून सोडवायचा नाही. कामाला पुरेसा मोबदला नाही हे संस्थेने, समाजाने आणि सरकारने ठरवलेलं असतं. पगाराच्या कामात जगायला वेळ नाही हे मालकाने ठरवलेलं असतं. घरकाम कोणी करायचं हे घरातल्या पुरुषांनी ठरवलेलं असतं. एवढं सगळं ठरल्यावर मुलीला म्हणायचं, आता तू निवड!

मी भाचीला कोणतं पत्र घे हे सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की संस्थेत जाऊन चार प्रश्न विचार. ११ महिन्यांनंतर काय? प्रॉव्हिडंट फंड भरणार का? बाळंतपणाची रजा पगारी असेल का? आणि हे सगळं लेखी देणार का? ती गेली, तिने विचारलं. समोरच्या ताई जरा दुखावल्या. म्हणाल्या, "सुरुवातीलाच हे विचारणाऱ्या मुली टिकत नाहीत." भाचीने कंपनीची नोकरी घेतली. तिने चूक केली असं मला म्हणवत नाही. त्या ताईंच्या जागी १९९७ मध्ये मीच बसले होते.

मैत्रिणींनो, हे सगळं लिहिण्याचं कारण दोष देणं नाही. निधी मिळवताना काय हाल होतात ते मी जाणते. देणगीदार शिबिराला पैसे देतो, शिबिर घेणारीच्या पगाराला देत नाही. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. निधीच्या प्रत्येक अर्जात पगाराचा रकाना शेवटी न लिहिता पहिला लिहावा. कर्मचारी वीसपेक्षा कमी असले तरी संस्था आपणहून प्रॉव्हिडंट फंडात सामील होऊ शकते, ते करावं. संस्थेत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी कोणाला मिळतं, हे वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. ज्यांच्या घरात दुसरा पगार आहे त्यांनी तो आहे असं मोकळेपणी म्हणावं. आणि कोणी वाढ मागितली तर निधी नसेल तेव्हा फक्त "निधी नाही" एवढंच म्हणावं. तिच्या निष्ठेवर बोट ठेवू नये.

समान कामाला समान दाम ही घोषणा आपण कित्येक मोर्च्यांत दिली. आपल्याच कार्यालयात ती कितपत लागू आहे, हे पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावं, एवढीच विनंती.