अरसिकांचे आतिथ्य

अरसिकापुढे काव्य मांडण्याची वेळ माझ्या कपाळी लिहू नकोस, असे ब्रह्मदेवाला विनवणारे एक सुभाषित आपल्या मराठी विभागांत फार लोकप्रिय आहे. वर्गात चार मुलांनी जांभया दिल्या की प्राध्यापककक्षात ते हटकून ऐकू येते. मध्यंतरी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते माझ्या छोट्या आगगाड्यांना लावले. ज्याला गाड्यांचे वेड नाही त्याला त्या दाखवूच नयेत, त्यात पाहुण्याचा वेळ जातो आणि छंदाचे हसे होते, असे त्यांचे म्हणणे. हे मत मला केवळ चुकीचे नव्हे, तर आपल्या पेशाला घातक वाटते. म्हणून हा प्रतिवाद.

आधी माझी चूक कबूल करतो. दिवाळे कोळीवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर माझे घर आहे. त्यातल्या एका खोलीत लाकडी फळ्यांवर रूळ मांडले आहेत. प्रमाण 1:87, ज्याला छांदिष्ट 'एचओ' म्हणतात. या प्रमाणात रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर असते, आणि ते युरोप-अमेरिकेत रूढ असलेल्या 1435 मिलिमीटरच्या मार्गाचे माप आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. त्याला हिशेबाने 19.26 मिलिमीटर हवेत. पण तयार रूळ सर्रास मिळतात ते 16.5 चे. तेव्हा भारतीय गाडी बहुधा परक्या, अरुंद रुळांवरूनच धावते. या पावणेतीन मिलिमीटरच्या असत्यावर आम्ही तासन्‌तास भांडू शकतो.

कित्येक वर्षे मी घरी आलेल्या प्रत्येकाला नेमके हेच ऐकवले. त्यांच्या हातातला चहा निवून जाई. शेवटी कुणीतरी सौजन्याने विचारी, "मुलांसाठी केलंत का हे?" मी दुखावत असे, आणि दुखावलो की आणखी मापे सांगत असे. पाहुणा निघून गेल्यावर मीही मनातल्या मनात ब्रह्मदेवाला तेच साकडे घालत होतो. आज वाटते, अरसिक पाहुणा नव्हता. यजमान म्हणून मी कच्चा होतो.

हे कसे करावे याचा वस्तुपाठ पुण्यात आहे. कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर भाऊ जोशी यांच्या छंदातून 1998 साली लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. तिथे येणारे बहुतेक लोक छांदिष्ट नसतात. सहलीची मुले, त्यांना सांभाळणारे पालक, सुटीत आलेले पाहुणे. त्यांना तिथे सिग्नलयंत्रणेवर व्याख्यान ऐकावे लागत नाही. ध्वनी आणि प्रकाशाच्या साथीने एक छोटे शहर जागे होते, वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाड्यांपर्यंत सारे धावू लागते, आणि ठरल्या वेळी खेळ संपतो. त्या खेळाला आरंभ आहे, शेवट आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे : म्हणजे विषय पातळ करायचा, त्याची करमणूक करायची! मुळीच नाही. गाडी बिनचूक धावावी म्हणून लागणारी सारी कारागिरी तिथे आहेच. ती पाहुण्याच्या डोक्यावर मारलेली नाही, इतकेच. सोपे करणे वेगळे आणि निवड करणे वेगळे. पहिल्यात विषयाचा अपमान होतो, दुसऱ्यात पाहुण्याचा मान राखला जातो. आपल्याला आठवते ते सगळे सांगणे ही विद्वत्ता नव्हे, तो पुष्कळदा नुसता आळस असतो.

आतिथ्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला घराजवळच कळली. दिवाळ्याचा माझा एक माजी विद्यार्थी बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आईसह आला होता. त्या दिवशी मी ठरवून गप्प राहिलो. वाशीच्या खाडीपुलावरून बेतलेल्या माझ्या पुलावर फक्त एक गाडी सोडली. मावशींनी गाडीकडे क्षणभर पाहिले आणि मग वाकून पुलाचे खांब पाहू लागल्या. "सर, याला कालवं नाहीत," त्या म्हणाल्या. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर खाडीतल्या खांबाला कालवे धरतात. माझे खांब वरपासून खालपर्यंत कोरे करकरीत. रुळांची मिलिमीटरे मोजणाऱ्या माझ्या खाडीला भरती-ओहोटीच नव्हती. हे मला कोणत्याही छांदिष्टाने सांगितले नव्हते, कारण आम्ही सगळे रुळांकडे बघत होतो.

आपल्या काव्यशास्त्रातील 'सहृदय' ही संकल्पना आपण अशीच दाराला कडी घालण्यासाठी वापरतो. अभिनवगुप्ताचा सहृदय म्हणजे काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे तो. पण याचा अर्थच असा की सहृदय कुणी जन्मत नाही. आरसा घासला जाण्यापूर्वी कुणीतरी त्याच्यापुढे काव्य ठेवलेलेच असते. अरसिकांना वगळून रसिक कुठून आणणार, हे त्या सुभाषिताचा आधार घेणाऱ्यांनी एकदा सांगावे.

तो विद्यार्थी माझ्या वर्गात तीन वर्षांपूर्वी बसत होता. वाणिज्य शाखेचा, मराठीचा पेपर त्याने निवडला नव्हता, त्याच्या वाट्याला आला होता. म्हणजे तोही पाहुणाच. मी त्याला वाङ्मयप्रकारांच्या व्याख्या दिल्या, कालखंड दिले, टीकाकारांची मते दिली. त्याच्या खाडीविषयी एकदाही विचारले नाही. तो उत्तीर्ण झाला आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतर त्याने मराठी पुस्तक हाती धरले नाही. पत्रिका द्यायला तो माझ्यावरच्या लोभाने आला, माझ्या विषयाच्या लोभाने नव्हे. विद्यार्थिसंख्या घटते आहे म्हणून गळा काढणाऱ्या आपण सर्वांनी हा फरक लक्षात घ्यावा.

असो. चुन्याची बारीक कणी डिंकाने चिकटवून आणि राखाडी रंग देऊन मी खांबांना भरतीच्या रेषेपर्यंत कालवे आणली आहेत. परवा एक जाणकार मित्र आले. रूळ बारकाईने तपासून झाल्यावर त्यांनी विचारले, खांब एवढे घाण का ठेवलेत? रसिक आणि अरसिक ही विभागणी किती तकलादू आहे, ते मला तेव्हा पुन्हा कळले.

त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही या निमित्ताने निमंत्रण देतो. गाड्यांची आवड नसली तरी अवश्य यावे. चहा निवू देणार नाही.