आजोबांचा गोल्डफिश

चितेगावातील एखाद्या घरी, सारे कामावर गेल्यावर, आजोबांना गोल्डफिशची सोबत असते. मायेपोटी ते पुन्हा पुन्हा दाणे टाकतात. कधी आधी टाकल्याचे विस्मरणही होते. उरलेले अन्न कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासा दगावतो. त्या मृत्यूचा चटका वृद्ध मनाला खोलवर लागतो.

तरीही हे काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. गोळ्यांच्या डबीप्रमाणे रोजचे दाणे मोजून ठेवा. सकाळ-संध्याकाळ, दोन मिनिटांत संपतील इतकेच.

गोल्डफिश मोठा होतो तो मुबलक, स्वच्छ पाण्यावर. गोल बरणीत तो खुरटतो. एका माशाला सुमारे 75 लिटरची टाकी आणि फिल्टर असावा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी 24 तास उघडे ठेवून मगच घालावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून टाकी सावलीत ठेवून हवेचा पंप चालू ठेवावा.

बादली मात्र तरुण हातांनी उचलावी आणि ओली फरशी लगेच पुसावी. हातावर जखम असल्यास, विशेषतः मधुमेहींनी, टाकीत हात घालू नये. एरवीही नंतर साबणाने हात धुवावेत.

असा जपलेला मासा दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. रोज कोणी आपली वाट पाहते, ही जाणीव आजोबांनाही उभारी देते.