दाण्यातलं लोह आणि वजनकाटा

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीवर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. इथल्या ‘फुले महाशक्ती’ या संकरित वाणात किलोमागे सुमारे 87 मिलिग्रॅम लोह आणि 41 मिलिग्रॅम जस्त आहे. नव्या वाणाला किमान अट 42 मिलिग्रॅम लोहाची. म्हणजे दुपटीहून जास्त. कोरडवाहू खानदेशासाठी ही साधी गोष्ट नव्हे.

पण दाण्यातलं सगळं लोह अंगी लागत नाही. बाजरीतलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं. भाकरीसोबत लिंबू पिळलेली कांद्याची कोशिंबीर घेतली तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे शोषण सुधारतं. स्निग्धांशाची कथा वेगळी. बाजरीत तो सुमारे 5 टक्के, गहू-तांदळापेक्षा बराच जास्त. दळलं की विकरं या तेलावर तुटून पडतात आणि चार-आठ दिवसांत पीठ कडवट लागू लागतं. आपल्या आजीबाई थोडं थोडंच दळायच्या, त्यामागे हे रसायन होतं. (आता महिन्याचं दळण एकदम आणायचं आणि दोष बाजरीला द्यायचा!)

खरी अडचण बाजारात आहे. तिथे भाव ठरतो तो दाण्याचा रंग, आकार आणि वजन बघून. लोहाला कोणी दमडी जास्त देत नाही. मग शेतकऱ्याने हे वाण का पेरावं? अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आहारासाठी सरकार बाजरी घेणार असेल, तर ती लोह तपासून, चार पैसे जास्त देऊन घ्यावी, अशी आमची मागणी आहे.