सही करण्यापूर्वी

बेळगाव-खानापूरकडच्या आमच्या सरकारी मराठी शाळांत वर्ग मराठीत चालतो, पण वरून येणारे परिपत्रक कन्नडमध्ये असते. गुरुजी ते तसेच पालकांच्या मोबाइलवर पाठवतात आणि आम्ही ‘शाळेचं काहीतरी आहे’ म्हणून सोडून देतो. मराठीतून कागद मिळावेत यासाठी निवेदने दिली पाहिजेतच.

पण आमचेही चुकते. बँकेत कुणी न वाचता सही करू लागला की आम्ही त्याला थांबवतो. घरी मात्र जेवताना पुढ्यात आलेल्या प्रगतीपुस्तकावर गणिताचे गुणही न पाहता सही ठोकतो! पालक सभेला घरच्या मंडळींना धाडायचे, तिथे बाईंनी शंका विचारल्या की सगळे गप्प. आम्ही स्वतः शाळेत जातो ते दाखला हवा असला तर.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने नियमित पालक सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. शाळेच्या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात, असेही त्यात आहे. म्हणजे विचारणे हा आगाऊपणा नव्हे. बाईंनाही जनगणना, निवडणूक अशी कामे असतात, हे मान्य. तरी परिपत्रकाखाली दोन ओळी मराठी सारांश लिहायला फार वेळ लागत नाही. पुढच्या सभेला आम्ही स्वतः जाऊन तेवढेच मागणार आहोत. प्रगतीपुस्तकही सोबत नेऊ.