हुमणी नेमकी कोणती?

वळवाचा पाऊस झाला, की आपल्या बेळगाव भागातल्या ऊसकऱ्यांच्या बोलण्यात हुमणीचा विषय निघतोच. कानडी शेजारी तिला ‘गोण्णे हुळू’ म्हणतात. नावे दोन, पण दोन्ही भाषांचा हिशेब एकच: मातीत अंग मुडपून पडलेली पांढरी अळी दिसली, की ती हुमणी. कीटकशास्त्र मात्र इथे थांबत नाही.

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. त्याच्या ‘स्कॅरॅबिडी’ कुळात जगभरात सुमारे ३० हजार जाती आहेत. शेणाचे गोळे लोटणारा किडा आणि माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगाही याच गोतावळ्यातले. मिशांच्या टोकाला पंख्यासारखी उघडमिट करणारी पाती, ही त्यांची खूण. मुळे खाणारी हुमणी त्यातल्या ‘मेलोलोंथिनी’ या उपकुळातली.

आपल्याकडे उसात मुख्यतः दोन जाती त्रास देतात. पहिली ‘होलोट्रिकिया सेराटा’. फॅब्रिशियस या शास्त्रज्ञाने १७८१ मध्ये तिचे वर्णन केले. तिला माळाची हलकी जमीन मानवते. दुसरी ‘ल्युकोफोलिस लेपिडोफोरा’, म्हणजे नदीकाठची हुमणी. कृष्णा-पंचगंगेच्या काठी ती ऊस खाते, तर मलनाडात सुपारीची मुळे. ‘ल्युकोफोलिस’चा ग्रीक अर्थ पांढरे खवले. तिचीच एक बहीण, ‘कोनिओफोरा’, केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर नारळाच्या मुळांवर जगते.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कुणी विचारील. कारण उपाय जातीवर ठरतो. माळावरचे भुंगेरे वळवानंतर रात्री कडुनिंब-बाभळीचा पाला खायला जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडता येतात, गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकता येतात. नदीकाठचा भुंगेरा असा निंबावर जेवायला येत नाही. तो तिन्हीसांजेला थोडाच वेळ उडतो आणि पुन्हा जमिनीत शिरतो. त्याच्यासाठी रात्री निंब हलवत बसणे म्हणजे फुकटची मेहनत. आणि उकिरड्यात सापडणारी जाडजूड अळी पुष्कळदा गेंड्या भुंग्याची असते. ती कुजलेले शेणखत खाते, उसाची मुळे नव्हे.

तेव्हा औषधाच्या दुकानात शिरण्यापूर्वी चार अळ्या, दोन भुंगेरे डबीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावेत. अळीच्या शेपटाकडील खालच्या बाजूचे बारीक काटे भिंगाखाली पाहून जाणकार जात ओळखतात. मराठीत सांगा वा कानडीत, शत्रूचे नेमके नाव कळले, की पैसा आणि पीक दोन्ही वाचते.