सुट्टीतली कुलुपे

उन्हाळ्यात मुंबईला जाऊ नये, असा आपल्याकडे एक सर्वमान्य समज आहे. मुंबईकर स्वतःच मे महिन्यात कोकण गाठतो, मग बेळगावच्या माणसाने आपली संध्याकाळची वाऱ्याची झुळूक सोडून घामाच्या गावी जावे कशाला? गेल्या दोन्ही सुट्ट्या मी दादरला काकांकडे काढल्या. पहिल्या वर्षी नाइलाजाने, दुसऱ्या वर्षी हट्टाने. कारण एवढेच की, जे नाटक-सिनेमाचे वेड आपण पावसाळी स्नेहसंमेलनापुरते राखून ठेवतो ते तिथे ऐन एप्रिल-मेमध्ये फुलते, आणि तेही मोठ्या जाहिरातींच्या नाट्यगृहांत नव्हे, तर भलत्यासलत्या जागी.

भलत्यासलत्या म्हणजे कशा? वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये जुनी बैठी घरे आहेत. त्यांतल्या एखाद्या घराच्या भिंती काळ्या रंगवायच्या, चार दिवे टांगायचे, पन्नास-साठ माणसे दाटीवाटीने बसवायची की झाले नाट्यगृह. नट इतका जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. (आपलाही त्याला दिसत असणार.) प्रयोग संपला की नटच खुर्च्या उचलतात, आणि दिग्दर्शक दाराशी उभा राहून ‘कसे वाटले?’ असे विचारतो. उत्तर टाळून निसटायला तिथे वाट नसते.

मला सर्वांत कुतूहल वाटले ते पैशाचे. हे लोक जगतात कसे? पाठीशी सरकार नाही, व्यापारी नाट्यसंस्था नाही. दोन-चार जाणत्यांना विचारले तेव्हा जे समजले ते असे की, स्वतंत्र कलाकाराचा पहिला शत्रू सेन्सॉर नव्हे, टीकाकारही नव्हे. तो भाडे आहे. मोठे नाट्यगृह एका रात्रीसाठी घ्यायचे तर आठशे खुर्च्या भराव्या लागतात. आठशे माणसे यावीत म्हणून नाटकात काय काय घालावे लागते हे आपण जाणतोच. खोली लहान आणि स्वस्त असली की साठ माणसांत खर्च भागतो, मग लेखकाला हवे ते लिहिता येते. प्रायोगिक रंगभूमीचा सगळा इतिहास म्हणूनच मला जागांचा इतिहास वाटू लागला आहे.

दादरच्या छबिलदास शाळेचे उदाहरण घ्या. ‘आविष्कार’ ही संस्था 1971 साली अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी उभी केली. 1974 पासून त्यांना या शाळेचे सभागृह मिळाले. शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, एरवी रिकामे पडणारे एक साधे सभागृह! ना फिरता रंगमंच, ना मखमली पडदा. पण भाडे परवडणारे होते, आणि आविष्कारने ते स्वतःपुरते राखले नाही. इतर मंडळींनाही दार उघडे ठेवले. मराठीबरोबर हिंदी, गुजराती, इंग्रजी प्रयोग तिथे झाले. पुढे ‘छबिलदास चळवळ’ असे नाव पडले. चळवळीला एखाद्या विचारवंताचे किंवा जाहीरनाम्याचे नाव न पडता शाळेच्या इमारतीचे पडावे, यातच सारे आले. नव्वदीच्या दशकात ती जागा सुटली आणि आविष्कारने माहीमला महापालिकेच्या शाळेत बिऱ्हाड हलवले. पुन्हा शाळाच.

जुहूच्या पृथ्वी थिएटरची गोष्ट जरा निराळी. शशी कपूर आणि जेनिफर कपूर यांनी ते 1978 च्या नोव्हेंबरात बांधून उघडले. जेमतेम दोनशे खुर्च्या, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक. पहिला प्रयोग आपल्या गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा, हिंदीतून. तिथे उन्हाळ्यात मुलांची शिबिरे आणि नाटके भरतात. मुलांच्या सुट्टीतल्या नाटकांची वाट मात्र त्याच्याही आधीची: सुधा करमरकरांनी 1959 मध्ये मुलांसाठी वेगळी रंगभूमी सुरू केली, तेव्हापासून मुंबई-पुण्याकडे सुट्टी आणि बालनाट्य हे समीकरणच होऊन गेले. व्याख्यानांचे म्हणाल तर पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली. उन्हाळ्यात लोकांनी एकत्र बसून काही ऐकावे, पाहावे ही कल्पना तेव्हा मुळीच नवी नाही; साहेबाची तर नाहीच नाही.

चित्रपटांच्या बाबतीत ही भूमिका फिल्म सोसायट्यांनी बजावली. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्त यांनी 1947 साली कलकत्त्यात सोसायटी काढली, 1959 मध्ये देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला, 1968 मध्ये मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ आणि 1971 मध्ये बंगळुरात ‘सुचित्रा’. वकिलातींकडून आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाकडून रिळांचे डबे आणायचे, वर्गणीदार सभासदांना दाखवायचे, परत करायचे. सभासदांपुरती सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळे. (काही सभासद केवळ या सुटीसाठीच होते असे जुनी मंडळी हसत सांगतात, आणि त्यात खोटे काही नसावे.) आज फोनवर सगळे जग दिसते, तेव्हा सोसायटी कशाला, असे कोणी म्हणेल. पण माझा अनुभव असा की, फोनवर आपण चित्रपट बघतो आणि विसरतो. शंभर जणांबरोबर पाहिलेल्या चित्रपटावर मात्र रस्त्यात उभे राहून भांडतो. हे भांडण फोन देत नाही.

आणि कधी कधी अशा जागेची गरज निव्वळ रसिकतेच्या पलीकडची असते. 2004 साली मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा घाट घातला गेला. परदेशी चित्रपटांना मात्र ते नको होते. विरोध झाल्यावर अट मागे घेतली गेली, परंतु नंतरच्या निवडीत कित्येक बोचरे चित्रपट गळाले. तेव्हा माहितीपटकारांनी त्याच दिवसांत प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. तो फेब्रुवारीतला, उन्हाळ्यातला नव्हे. पण मुद्दा तोच. ते भवन त्या आठवड्यात मिळाले नसते, तर ते चित्रपट डब्यात राहिले असते.

मुंबईचे सगळेच मला भावले असे मात्र नाही. फलक बहुधा इंग्रजीत, गप्पा इंग्रजीत. जिथे जावे तिथे तेच तीस चेहरे एकमेकांचे प्रयोग पाहत असतात. दादरहून वर्सोव्याला जाऊन परत यायचे म्हणजे अर्धा दिवस लोकलमध्ये. आणि काही प्रयोग केवळ कोणाला कळू नयेत म्हणूनच केल्यासारखे वाटले. स्वतंत्र असणे म्हणजे चांगले असणे नव्हे.

तरीही ‘हे सारे मोठ्या शहरालाच जमते’ असे जे आपण म्हणून मोकळे होतो, ते मला पटत नाही. आपल्याच राज्यात, शिवमोग्गा जिल्ह्यातले हेग्गोडू हे गाव ते केवढे! तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी 1949 मध्ये ‘नीनासम’ स्थापन केले, 1973 मध्ये फिल्म सोसायटी काढली. पुण्याचे प्राध्यापक सतीश बहादूर तिथे जाऊन चित्रपटाचे रसग्रहण शिकवून आले. सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी जगातले उत्तम चित्रपट पाहिले. 1991 मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना ही हकिकत तोंडपाठ आहे; मराठी विभागात मी दहा जणांना विचारले, एकाला ठाऊक होती. तसेच, आविष्कारच्या अगदी आरंभीच्या निर्मितींपैकी एक गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ होते, मराठीत आणले विजय तेंडुलकरांनी, हे कन्नड विभागात कोणाला सांगितले की ते भुवया उंचावतात. एकाच अंकात पाठीला पाठ लावून छापले जातो, पण पान कोणी उलटत नाही.

आणि इथे मला आमच्या गावातील एका सभागृहाविषयी सांगायलाच हवे. गेल्या एप्रिलात आम्ही सात जणांनी, तीन कन्नड आणि चार मराठी, दोन संध्याकाळी दोन चित्रपट दाखवायचे ठरवले: चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) आणि राम रेड्डी यांचा कन्नड ‘तिथि’ (2015). दोन्ही थोड्या पैशांत केलेले, दोन्हींत बरेचसे नट म्हणजे ज्यांनी पूर्वी कधी अभिनय केला नाही अशी माणसे. एक मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयातला, दुसरा मंड्याकडच्या खेड्यातला. निर्मात्यांकडे परवानगी मागण्याचे पत्र लिहून तयार होते, प्रोजेक्टर मिळत होता. सभागृहाचे कार्यालय गाठले. तारीख विचारतील, भाडे सांगतील, पंख्यांच्या विजेचे पैसे मागतील अशी आमची तयारी. कारकुनाने चष्मा वर करून विचारले, “कुठल्या भाषेचा?”

“दोन्ही,” आम्ही म्हणालो.

“दोन्ही म्हणजे? अर्जात एकच रकाना आहे.”

वरिष्ठांना विचारतो म्हणाले. वरिष्ठ म्हणाले, एकाच भाषेचे करा, उगाच कोणी काही बोलायला नको. दुसऱ्या भाषेवाल्यांना वेगळा अर्ज, वेगळा आठवडा. आम्ही सात जण पायऱ्यांवर बसलो. चौघांनी एक अर्ज करावा आणि तिघांनी दुसरा, हे कोणाच्याच मनाला येईना. सभागृह त्या दोन्ही संध्याकाळी रिकामेच राहिले. मुद्दाम जाऊन पाहिले, दाराला कुलूप होते.

या सीमाभागात भाषेचे दुखणे खरे आहे, ते कोणी हसण्यावारी नेऊ नये. आमच्या घरातही त्यावर आवाज चढतात. परंतु चित्रपटाखाली इंग्रजी अक्षरे उमटत असताना अंधारात शेजारी बसलेल्याची भाषा कोणती, हे विचारावेसे कोणाला वाटेल असे मला वाटत नाही. मुंबईत छबिलदासला कोणी रकाना भरून घेतला असता, तर चार भाषांची नाटके एका छपराखाली झाली नसती.

म्हणून माझी मागणी सरळ आमच्या प्राचार्यांकडे आणि प्राध्यापक मंडळींकडे आहे. आपले महाविद्यालयीन सभागृह परीक्षा आटोपल्यापासून जूनपर्यंत बंद असते. त्यातल्या नऊ शनिवारच्या संध्याकाळी आम्हांला द्या. चार मराठी, चार कन्नड, आणि एखादी कोणत्याच भाषेची नव्हे अशी, गाण्याची. प्रवेश गावातल्या सर्वांना. शिपाईमामांचा जादा वेळेचा भत्ता आम्ही वर्गणीतून देऊ, झाडलोट स्वतः करू. हिशेब महिन्याच्या महिन्याला सूचनाफलकावर लावू. अर्जाचा मसुदा दोन्ही लिप्यांत तयार आहे, त्यावर भाषेचा रकाना नाही. मागच्या बाजूचे दोन पंखे मात्र बंद आहेत, ते एप्रिलच्या आत दुरुस्त झाले तर बरे.