बुलेटची तेलगळती: पॅकिंगच्या आधी निदान

जुनी बुलेट तेल गाळणारच, अशी समजूत आपल्याकडे रुळली आहे. गाडी उभी केली की खाली पुठ्ठा सरकवायचा, अधूनमधून तेल वर ओतायचे आणि चालवत राहायचे, असा अनेक घरांतला रिवाज आहे. या समजुतीत तथ्य किती, हे ठरवण्याआधी इंजिनाच्या आत काय घडते ते पाहायला हवे.

इथे विषय आहे तो ओतीव लोखंडी सिलिंडरच्या ३५० सीसी बुलेटचा. रचना मूळची इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्याची. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि ही गाडी भारतात बनू लागली. लहानमोठे फेरफार होत हेच इंजिन २०१०च्या सुमारापर्यंत चालू राहिले. म्हणजे त्यातल्या अगदी शेवटच्या गाड्याही आता नोंदणीची १५ वर्षे संपून नूतनीकरणाच्या वयाला आल्या आहेत.

या गाडीत इंजिन, क्लचकडे जाणारी प्रायमरी चेन आणि गिअरबॉक्स हे तीन स्वतंत्र कप्पे आहेत आणि तिघांचे वंगण वेगळे आहे. जमिनीवर पडलेला थेंब यांपैकी कोणाचाही असू शकतो. ‘इंजिन ऑइल गळतंय’ ही तक्रार म्हणूनच अनेकदा पहिल्या वाक्यातच चुकलेली असते.

आता मुख्य मुद्दा. इंजिनाच्या तळच्या बंद डब्याला क्रँककेस म्हणतात. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि त्याची वरखाली धाव ९० मिलिमीटर. तो खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली सुमारे ३४६ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला ५० वेळा घडते. दर वेळी दाबली गेलेली हवा बाहेर जायला वाट हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर, म्हणजे इंजिनाची श्वासनळी.

ब्रीदरच्या वाटेवर बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. पिस्टन खाली आला की ती उघडते आणि हवा बाहेर पडते; पिस्टन वर गेला की ती मिटते आणि बाहेरची हवा आत येत नाही. त्यामुळे क्रँककेसमधला दाब सरासरीने बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो. हा फरक छोटा वाटतो, पण सगळे त्यावर अवलंबून आहे. आत दाब कमी असेल, तर जरासा सैल सांधाही तेल बाहेर टाकत नाही.

ही झडप कालांतराने कडक होते, चिरते. नळी गाळाने तुंबते किंवा कुठेतरी चेपते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर जळालेला वायूही खाली उतरून दाबात भर घालतो. मग तेल सर्वांत कमकुवत सांध्यातून वाट काढते. मेकॅनिक त्या सांध्याचे पॅकिंग बदलतो, काही आठवडे बरे जातात आणि मग दुसरा सांधा ओलावू लागतो. मालकाला वाटते, गाडीच तशी. खरे तर दाब कायम असतो, फक्त त्याची बाहेर पडण्याची जागा बदललेली असते.

दुसरे कारण गाडी उभी राहण्यात आहे. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्या ओतकामातच, पण वेगळ्या कप्प्यात असते. बरेच दिवस गाडी बंद राहिली की तेल पंपातून झिरपत तळाशी साचते. अशा वेळी तेल मोजायची पट्टी काढून पाहिली तर तेल कमी दिसते, म्हणून वरून आणखी ओतले जाते. इंजिन सुरू होताच जादा तेल ब्रीदरमधून बाहेर फेकले जाते आणि गळतीचा बोभाटा होतो. इंजिन काही मिनिटे चालवून, मग बंद करून पातळी पाहिली, तर हा घोटाळा होत नाही.

सांधे आणि सील खराब होतच नाहीत, असे अर्थातच नाही. फिरत्या दांड्याभोवतीची रबरी ऑइल सील उष्णतेने कुकरच्या रिंगसारखी ताठरतात. कव्हर निघत नाही म्हणून फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटले, की ॲल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि तिथे कोणतेही पॅकिंग नीट बसत नाही. प्रायमरी चेनचे बाहेरचे कव्हर मधल्या एकाच नटवर बसते. गळती थांबावी म्हणून तो नट जोर लावून आवळला की कव्हरच वाकते. सिलिकॉनचा जाड थर देणे तर त्याहून वाईट. आत दाबला गेलेला तुकडा सुटून तेलाच्या अरुंद वाटेत अडकू शकतो.

तेलाचा तुटवडा या इंजिनाला परवडत नाही. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी रोलर नाहीत, तरंगते बुश आहे आणि ते पंपाने येणाऱ्या तेलावरच टिकते. चालकाला धोका आणखी थेट आहे: मागच्या टायरवर उडालेले तेल वळणावर गाडी आडवी करू शकते. शिवाय वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवरही आली आहे. पण ही व्यवस्था गॅरेजच्या डब्यात जमा झालेल्या तेलापुरती. रस्त्यावर ठिबकलेले पावसाबरोबर गटारात जाते.

उगम शोधण्याची पद्धत साधी आहे. इंजिन धुऊन पूर्ण कोरडे करायचे, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि थोडे अंतर चालवून यायचे. तेल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली जाते, म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका हाच बहुधा उगम.

हे सगळे पाहता, तेल गळणे हा या गाडीचा स्वभाव मानणे चूक आहे. सांधे जास्त म्हणून काळजी जास्त लागते, इतकेच खरे. अडचण आपल्या दुरुस्तीच्या व्यवहारात आहे. आपण बदललेल्या भागाचे पैसे देतो, तपासणीच्या तासाचे देत नाही. मग मेकॅनिकने तरी पावडर टाकून वाट का पाहावी? पुढच्या वेळी गाडी गॅरेजमध्ये द्याल तेव्हा पॅकिंगचा सेट सांगण्याआधी ब्रीदर तपासून उगम दाखवायला सांगा आणि त्या वेळेची मजुरी आनंदाने द्या.